पांढरा शर्ट सहा महिन्यांत पिवळा का पडतो? (पॉडकास्टचं लिखित रूप)

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क दगा देतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी "तर" आणि "म्हणजे" फार वापरते, त्यातले निम्मे काढलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय पांढरे कपडे. हसू नका. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात एक पांढरा शर्ट किंवा कुर्ता घेतला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. इंटरव्ह्यूला पांढरा शर्ट, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला पांढरा कुर्ता, लॅबमध्ये पांढरा अॅप्रन, क्रिकेटला पांढरे कपडे. घरी आजोबा असतील तर त्यांचा सदरा, धोतर आणि टोपी. आणि हे सगळं धुवायची वेळ आली की आपण काय करतो? पीजीच्या बाथरूममध्ये लाल बादली, त्यात मूठभर पावडर, त्यात सगळे कपडे एकत्र. मग सहा महिन्यांनी आरशात बघून म्हणतो, अरे, हा पांढरा होता ना?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. धुलाईचा कोर्स वगैरे केलेला नाही. पण कुठलाही बग आला की आधी "हे असं का होतंय" विचारायचं आणि मग कोडला हात लावायचा, ही सवय अंगात भिनलीय. पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत लोक बरोबर उलटं करतात. आधी ब्लीच ओततात.

तर पहिली गोष्ट. कापूस पांढरा नसतो. बोंडातून निघालेला कापूस दुधाच्या सायीसारखा पिवळसर असतो. गिरणीत कापडाचं ब्लीचिंग होतं, तेव्हा तो पिवळेपणा जातो. आणि त्यानंतर त्यावर एक अदृश्य रसायन चढवतात, त्याला म्हणतात ऑप्टिकल ब्राइटनर. हे रसायन उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्या ऊर्जेचा निळसर प्रकाश बाहेर टाकतं. म्हणजे नवा पांढरा शर्ट त्याच्यावर पडलेल्या दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा जास्त प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवतो. दुकानात "झगमगीत" दिसतो तो त्यामुळे.

खरं वाटत नसेल तर लग्नातल्या डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली उभे राहा. पांढरे शर्टवाले सगळे भुतासारखे चमकतात. किंवा दुकानदाराकडे नोटा तपासायचा दिवा असतो, त्याखाली रुमाल धरा. रुमाल चमकेल, खरी नोट मात्र मंदच दिसेल, कारण नोटेच्या कागदात हे ब्राइटनर घालत नाहीत. खोट्या नोटा साध्या कागदावर छापल्या असतील तर कागदच चमकतो.

आता हे ब्राइटनर कायमचं नसतं. कडक ऊन आणि क्लोरीनवालं ब्लीच, दोन्ही ते हळूहळू मारतात. बहुतेक डिटर्जंटमध्ये थोडं ब्राइटनर असतं, त्यामुळे सुती कापडावर ते परत बसत राहतं. म्हणजे शर्ट "पिवळा पडला" असं आपण म्हणतो, तेव्हा काही वेळा तो मळलेला नसतोच. त्याचा दिवा विझलेला असतो, आणि आतला मूळचा सायीचा रंग दिसायला लागलेला असतो.

मग आजी नीळ का घालायची? नीळ वेगळ्याच वाटेने जाते. पिवळ्याच्या समोरचा रंग निळा. पिवळसर कापडावर अगदी हलकी निळी छटा चढवली की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. पण यात प्रकाश वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. म्हणून नीळ जास्त झाली की कपडा राखाडी, मेलेला दिसतो. जुन्या पद्धतीची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एकेकाळी हा रंग लाजवर्द नावाचा महागडा दगड कुटून मिळवायचे. कारखान्यात तो बनवायची पद्धत युरोपात १८२० च्या दशकात निघाली, आणि तेव्हा कुठे तो धुण्याच्या बादलीत यायला परवडू लागला. ही पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. त्यामुळे नीट न ढवळता कपडे बुडवले की निळे ठिपके. आजी नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवायची, ते उगाच नाही. उजाला आलं ते १९८३ साली, केरळात त्रिशूरला एम. पी. रामचंद्रन यांनी सुरू केलं. ते द्रवरूप आणि जांभळट, पाण्यात पूर्ण विरघळणारं, त्यामुळे ठिपक्यांची भानगड संपली. थेंब मात्र मोजूनच. आणि कपड्यावर थेट कधीच नाही, आधी बादलीत.

नीळ म्हणजे फिल्टर आहे, बरं का. फोटोला फिल्टर लावतो तसा. खाली मळ असेल तर मळ तिथेच राहतो.

आता मळाकडे येऊ. आणि इथे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पावडर नसते, आपणही नसतो. पाणी असतं.

बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ईडीटीएचं टायट्रेशन आठवतंय का? पाणी वाइनच्या रंगाचं असतं, थेंब थेंब टाकत राहायचं आणि अचानक निळं होतं. सगळे मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायचे. तो प्रयोग पाण्याचा कठीणपणा मोजायचा होता. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत, फेस नीट होत नाही, असं पाणी. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. धरणाचं पाणी साधारण मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या दगडातून मुरत मुरत येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. शहराच्या कडेला जिथे नव्या सोसायट्या आहेत, आणि आपल्यातले निम्मे लोक जिथे भाड्याने राहतात, तिथे बोअर आणि टँकरच.

तुमचं पाणी कसं आहे हे कळायला लॅब लागत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतात का? गिझरची कॉइल वारंवार जाते का? तूरडाळ कुकरमध्ये चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली लागते का? तीनही उत्तरं "हो" असतील तर तुमचं पाणी जड आहे. आणखी एक करून बघा. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात साध्या साबणाचा कीस टाकून हलवा. मऊ पाण्यात वर छान फेस येतो आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. जड पाण्यात फेस येत नाही, ताकासारखं फाटल्यागत दिसतं. ते जे फाटलेलं आहे ना, तो साबण आणि कॅल्शियमचा मिळून झालेला चिकट साका. तोच तुमच्या शर्टाच्या धाग्यात जाऊन बसतो. मळ पकडून बसतो. दर धुण्याला एक थर. कापड कडक होतं, राखाडी होतं, आणि आपण म्हणतो पावडर भिकार आहे, आणि पुढच्या वेळी दुप्पट पावडर टाकतो. मग तीही नीट निघत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पाणी वाचवायचं म्हणून आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून त्यात कपडे भिजवायची पद्धत खूप घरांत आहे. पाणी वाचवणं उत्तमच. पण आरओ काय करतं? क्षार गाळून बाजूला काढतं आणि त्याच बाजूच्या पाण्यात सोडून देतं. म्हणजे ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही जड. त्याने फरशी पुसा, संडासात ओता. पांढऱ्या कपड्यांना नको. त्याउलट एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. पावसाचं पाणीही तसंच. बादली स्वच्छ असेल तर पांढऱ्या कपड्यांच्या शेवटच्या खळबळण्याला याच्यासारखं पाणी नाही.

पाणी बदलता येत नसेल तर धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा, किराणा दुकानात वॉशिंग सोडा म्हणून मिळतो. पण तो कपड्यांबरोबर टाकू नका. सोडा कॅल्शियमला पकडून खाली बसवतो, आणि कपडे आत असतील तर कपड्यांवरच बसवतो. आधी बादलीत एक मोठा चमचा सोडा टाकून ढवळा, अर्धा तास तसंच ठेवा, आणि वरचं निवळलेलं पाणी घ्या. आधीच कडक झालेल्या कपड्यांवरचा थर काढायला शेवटच्या पाण्यात लिंबूसत्त्व टाका, एका बादलीला एक छोटा चमचा, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढा. टॉवेल पहिल्याच वेळी मऊ लागेल.

हे लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकत्र कधीच नाही. हे वाक्य का म्हणतेय ते सांगते, कारण यासाठीच मला हा भाग करायचा होता.

माझी धाकटी बहीण नर्सिंगला होती. हॉस्टेलवर. मराठवाड्यातलं एक शहर, उन्हाळा, आणि नळाला फक्त बोअरचं पाणी. युनिफॉर्म पांढरा, दोनच जोड. सोमवारी तपासणी. युनिफॉर्म मळका दिसला तर वॉर्डमधून परत पाठवायचे, आणि त्या दिवसाची हजेरी गेली. हजेरी गेली की परीक्षेचा फॉर्म अडकायचा. म्हणजे आपल्याला वाटतं कपड्याचं काय एवढं, पण त्या मुलींसाठी तो युनिफॉर्म म्हणजे अख्खं वर्ष होतं.

रविवारी रात्री तिचा व्हिडिओ कॉल. "ताई, ब्लीच टाकलं तर अजून पिवळं झालंय गं! आता काय करू?" मी म्हटलं बादली दाखव. कापड पिवळंच नव्हे, गंजाच्या रंगाकडे झुकलेलं. त्यांच्या बोअरच्या पाण्यात लोह होतं. पाण्यात विरघळलेलं लोह दिसत नाही. ब्लीचने त्याचं ऑक्सिडीकरण झालं, म्हणजे सरळ गंज तयार झाला आणि धाग्यात बसला. ब्लीच जितकं जास्त तितका गंज जास्त. याला उपाय आम्ल, म्हणजे लिंबू आणि मीठ चोळून थोडा वेळ ठेवायचं, तेही ब्लीच पूर्ण धुऊन निघाल्यावर. मी तिला हेच सांगत होते.

तेवढ्यात फोनमध्ये मागून आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या बाथरूममध्ये दोन मुलींचा तोच प्रश्न चालू होता. ब्लीचने होत नाही म्हणून त्यांनी त्याच बादलीत संडास साफ करायचं लिक्विड ओतलं होतं. बाटलीवर "पिवळे डाग घालवते" असं लिहिलेलं असतंच की.

संडासाच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने जो वायू सोडला होता, तोच. चार बाय चारचं बाथरूम, वर एक झरोका, आत दोन मुली.

एक जण स्वतः बाहेर पळाली. दुसरीला ओढून काढावं लागलं. खोकून खोकून तिला बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. माझ्या बहिणीने फोन कट केला नाही, तो तसाच पलंगावर टाकला, आणि मी पंधरा मिनिटं छतावरचा पंखा बघत आवाज ऐकत होते. १०८ वर फोन लावला, कॅज्युअल्टीत नेलं, रात्रभर ऑक्सिजन लावून ठेवला. मुलगी बरी झाली. आज नोकरी करतेय. पण तो क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि ती खाली बसून कपडे धूत होती. दार लागलं असतं तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

म्हणून नीट ऐका. ब्लीच एकटं वापरायचं. त्यात संडासाचं लिक्विड नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही, लिंबूसत्त्व नाही, अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही नाही. आधी एक वापरून मग दुसरं वापरायचं असेल तर मध्ये भरपूर पाण्याने खळबळून काढायचं. आणि चुकून कधी वास आला, घशात टोचल्यासारखं झालं, तर बादली वाचवत बसू नका, त्यात पाणीही ओतू नका. बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा, दार-खिडक्या उघड्या ठेवा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. शर्ट चुलीत गेला.

रीलवर एक बाई एका बादलीत सात बाटल्या ओततात आणि लाखभर लाइक मिळतात. मला खरंच राग येतो. त्यातला खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला प्रकार निदान निरुपद्रवी आहे. दोघं एकमेकांना मारून टाकतात, फसफस होते, कॅमेऱ्यात छान दिसतं, आणि बादलीत उरतं जवळपास खारट पाणी.

मग पांढरं करायला वापरायचं काय? माझं मत विचाराल तर सोडियम परकार्बोनेट. ऑक्सिजन ब्लीच या नावाने ऑनलाइन मिळतं, बाजारातल्या डाग घालवणाऱ्या पावडरींमध्येही बहुतेक वेळा हेच असतं. पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा वेगळे होतात. वास नाही, घसा धरत नाही. फक्त एक अट, गरम पाणी लागतं. थंड पाण्यात टाकून "काहीच होत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. चाळीस अंशांच्या वर, म्हणजे अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं कढत. अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे, आधी विरघळवा, मग कपडे, दोन-तीन तास. सुती आणि टेरिकॉट दोन्हीला चालतं. रेशीम आणि लोकरीला नाही. आणि उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू सुटत राहतो, बाटली फुगते आणि फुटू शकते.

क्लोरीनवालं ब्लीच अगदीच वाईट आहे असं नाही. शुद्ध सुती कापडावर, भरपूर पाण्यात थोडंसं, पाच-दहा मिनिटं, ठीक आहे. पण आपल्या पांढऱ्या टी-शर्टमध्ये, लेगिंगमध्ये, स्ट्रेचवाल्या शर्टमध्ये स्पॅन्डेक्स असतं, ते या ब्लीचने पिवळं पडतं आणि लुळं होतं. रेशमाची तर वाटच लागते. कॉलरच्या आत ते छोटं लेबल असतं ना, जे टोचतं म्हणून आपण कापून टाकतो, त्यावर त्रिकोण असतो. नुसता त्रिकोण म्हणजे ब्लीच चालेल. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा म्हणजे फक्त ऑक्सिजनवालं. त्रिकोणावर फुली म्हणजे कुठलंच नाही. कापायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.

काखेतला पिवळा डाग. हा विषय कोणी मोठ्याने काढत नाही, पण सगळ्यांना असतो. घाम पिवळा नसतो. अंगाचं तेल धाग्यात राहतं आणि हवेने पिवळं पडतं, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमधलं अॅल्युमिनियम. ते घामाशी मिळून कडक, पिवळा, मेणचट थर करतं. यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग आणखी गडद होतो. आधी भांडी घासायचं लिक्विड हलक्या हाताने चोळा, तेल सुटेल, मग वर सांगितलेलं गरम भिजवण. रोल-ऑन लावून लगेच शर्ट घालू नका, दोन मिनिटं वाळू द्या. आणि डाग गेल्याशिवाय इस्त्री अजिबात नाही, उष्णतेने तो पक्का होतो.

टेरिकॉटबद्दल एक. पॉलिस्टरला तेलाचं भारी प्रेम. त्यामुळे टेरिकॉटचा शर्ट सुरकुतत नाही, पटकन वाळतो, सगळं खरं, पण कॉलरवरची तेलकट रेघ त्याच्यावर जास्त चिकटून राहते. इंटरव्ह्यूसाठी एकच शर्ट घ्यायचा असेल तर मी सुती घेईन, आणि शक्य असेल तर दोन, आलटून पालटून.

आता आपल्या सगळ्यांचा आवडता डाग. हळद. मिसळीचा कट पांढऱ्या शर्टावर पडला की माणूस घाईघाईने साबण लावतो आणि डाग लालभडक होतो. घाबरू नका, रक्त नाही ते. हळदीतलं कर्क्युमिन हे लिटमससारखं असतं. साबण अल्कली, त्यात ते लाल होतं. लिंबू पिळा, परत पिवळं. शाळेत हळदीचे कागद करून हाच प्रयोग करायचो. गंमत म्हणजे कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. साबणाने धुवा, डाग ओला असतानाच कडक उन्हात वाळत घाला. एका दिवसात फिकट, दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा गायब. हळदीच्या कार्यक्रमाचे कपडे फेकून देणाऱ्यांनो, गच्ची वापरा.

रक्ताचं उलटं. त्याला थंड पाणीच. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन शिजतं, अंड्यासारखं, आणि धाग्यात घट्ट बसतं. थंड पाण्यात भिजवून, मग मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं लावायचं. पीरियड्सच्या डागांनाही हेच. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट किंवा सॅनिटायझर, खाली टिश्यू ठेवून.

बेटाडिनचा किस्सा बहिणीकडून कळला. तिच्या युनिफॉर्मला खळ असायची, आणि त्यावर बेटाडिन सांडलं की डाग तपकिरी न दिसता निळा-काळा दिसायचा. आठवीचं विज्ञान आठवा, बटाट्यावर आयोडीन टाकलं की काय होतं! खळ म्हणजे स्टार्चच. त्यावर बिनरंगाची व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून लावायची. आयोडीनचं आयोडाइड होतं आणि रंग डोळ्यादेखत उडतो. तिने मला व्हिडिओ पाठवला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये ओरडले होते.

मशीन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. पांढरे वेगळे धुवा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. ड्रम गच्च भरू नका, पाणी फिरलं नाही तर सुटलेला मळ परत कपड्यांवरच बसतो. फ्रंट लोडला हीटर असेल तर पांढऱ्या सुती कपड्यांना महिन्यातून एकदा साठ अंशांवर धुवा. सॉफ्टनर टाळा, तो कपड्यावर मेणचट थर सोडतो.

पावसाळ्यात ओले कपडे बादलीत रात्रभर राहिले की तिळाएवढे काळे ठिपके येतात. ती बुरशी. ताजी असेल तर गरम परकार्बोनेटने जाते, जुनी झाली की ती धागाच खाते, मग फारसं काही करता येत नाही. धुतल्याबरोबर पिळून पंख्याखाली टाका. सोसायटीचा कॉमन पंखा लागला तरी लाजू नका.

आणि शेवटचं, कपाटात ठेवायचं. सणाचा कुर्ता, लग्नातला शेरवानीचा पायजमा, आजोबांचं धोतर, जे वर्षातून एकदाच निघतं ते. ठेवण्याआधी एकदा धुवा, दिसायला स्वच्छ असलं तरी. अंगाचं तेल आज दिसत नाही, आठ महिन्यांनी पिवळं होऊन दिसतं. खळ काढून ठेवा, नाहीतर कसर लागते, तिला खळ फार आवडते. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, काही प्लास्टिकमधून निघणाऱ्या रसायनांनी कापड घडीवर पिवळं पडतं. जुना सुती पंचा किंवा धुतलेली उशीची खोळ घ्या, त्यात गुंडाळा. घडी दर दोन-तीन महिन्यांनी उलटी करा.

माझे आजोबा आषाढीला निघायच्या आधी टोपी, सदरा, धोतर विहिरीच्या नाही तर पावसाच्या साठवलेल्या पाण्यात धुवायला सांगायचे, आणि आई चिडायची की हे काय नवीन खूळ. आजोबा चौथी शिकलेले. कठीणपणा वगैरे शब्द त्यांनी ऐकलेलाही नसेल, पण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही एवढं त्यांना माहीत होतं.

चला, पुढच्या भागात लोखंडी तवा आणि त्याचा गंज. तोवर ज्यांच्या हॉस्टेलवर भाऊ-बहीण आहेत, त्यांना ब्लीचवाला भाग आजच फॉरवर्ड करा.